अभ्यासिकेत दिवसभर बसायचंय? मग आधी पाठीचं बघू

"मॅडम, गावाकडं युरियाची गोणी खांद्यावर टाकून बांधाबांधानं जायचो, तेव्हा कधी कंबर दुखली नाही. इथं नुस्ता बसतोय तर दुखतेय. असं कसं?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा खुर्चीवर कसा टेकतो त्यावरून ओळखते की हा आता गोणी काढणार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, क्लिनिक पुण्यात पेठेत, आजूबाजूला एकेका वाड्यात नाहीतर इमारतीत दोन-दोन अभ्यासिका, त्यामुळे माझ्याकडं एमपीएससीवाले आणि पोलीस भरतीवाले कायम असतात. आणि त्या गोणीवाल्याचं उत्तर त्याच्याच प्रश्नात असतं. ४५ किलोची गोणी उचलायची सवय असलेली पाठ सहा महिने प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवली, संध्याकाळी चहाच्या कट्ट्यापर्यंत दोनशे पावलं, परत खुर्ची. ती पाठ बिघडलेली नसते, ती बेकार बसलेली असते. काम काढून घेतलं की स्नायू उतरतात, सोपं आहे.

तर हे गाइड जे आत्ता बॅग घेऊन आलेत, कॉट बेसिसवर रूम मिळालीये, अभ्यासिकेची जागा बुक केलीये आणि दहा-बारा तास बसायचं मनावर घेतलंय त्यांच्यासाठी. महागडी खुर्ची घ्यायला सांगणार नाहीये. ज्यांची आधीच दुखतेय त्यांनी पण वाचा पण पहिली पायरी गाळू नका.

पायरी १: साधं दुखणं आहे ना, ते आधी बघा

तुमच्या वयातली बहुतेक कंबरदुखी साधी असते, काही आठवड्यांत आपोआप निवळते. पण थोड्या गोष्टी अशा आहेत की त्या दिसल्या तर व्यायाम, यूट्यूब, हे गाइड सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडं जायचं.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, भूक मेली, रात्री दुखण्यानं जाग येते. आपल्याकडं मणक्याचा टीबी अजून दिसतो, तरुणांत पण, आणि वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो, फक्त कोर्स लांबलचक असतो. पायातली ताकद कमी झाली, चालताना चप्पल निसटतेय आणि कळत नाहीये, पाऊल घासतंय, तर उद्यावर ढकलू नका. लघवी अडकतेय किंवा झालेली कळत नाहीये, बसायच्या जागी, मांड्यांच्या मधे बधीर लागतंय, तर त्याच रात्री हॉस्पिटल, इथं तासांचा हिशोब असतो, "पेपर झाल्यावर बघू" इथं चालत नाही.

आणि एक प्रकार आहे जो सगळ्यात जास्त निसटतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा जास्तच कंबर लाकडासारखी, मग हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते, झोपून राहिलं की उलट वाढते, पहाटे त्यानंच जाग येते, आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललंय. हा संधिवाताचा प्रकार असू शकतो, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, आणि तो सुरूच होतो विशीच्या आसपास. अशी मुलं "बसून बसून दुखतंय" असं म्हणत वर्षं काढतात. संधिवाताच्या डॉक्टरकडं जा. साधी कंबरदुखी विश्रांतीनं बरी वाटते आणि ही हालचालीनं, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

पायरी २: "मणक्यात गॅप" डोक्यातून काढा

महाराष्ट्रात कुणाची पाठ दुखली की दोनच निदानं असतात, "मणक्यात गॅप आलाय" आणि "शीर दबलीये". हे सांगणारा माणूस मेसवाला असतो, रूम पार्टनरचा मामा असतो, कधीकधी रिपोर्ट वाचून दाखवणारा पण असतो. गॅप म्हणजे नक्की काय विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. दोन मणक्यांच्या मधे जागा असतेच, तिथं गादी असते, तिलाच डिस्क म्हणतात. ती गादी थोडी सुकली, बारीक झाली किंवा जराशी फुगली की रिपोर्टमधे चार भारी शब्द येतात आणि पोरगं घाबरून वाकायचंच बंद करतं.

आता हे ऐका. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचे बरेच अभ्यास २०१५ मधे एकत्र करून बघितले गेले, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ३० टक्के लोकांच्या फुगलेल्या. न दुखणाऱ्या लोकांच्या! म्हणजे तुमच्या अभ्यासिकेत ज्यांची कधीच कंबर दुखली नाही अशा दहा जणांचा एमआरआय काढला तर तीन-चार जणांच्या रिपोर्टमधे काहीतरी निघेलच. केस पिकावेत तसं आहे ते थोडंफार. म्हणून पहिल्या आठवड्यात एमआरआय काढायला पळू नका, पायरी १ मधलं काही असेल किंवा डॉक्टरनं तपासून सांगितलं तर काढा. तो पैसा मेसला द्या.

गादीबद्दल अजून एक सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला पाणी आणि अन्न आजूबाजूच्या हाडातून झिरपत मिळतं, आणि त्याला हालचालीची मदत होते, दाब पडतो, सुटतो, पडतो, सुटतो, स्पंजसारखं. रात्री झोपल्यावर दाब सुटतो, गाद्या पाणी पितात, म्हणून सकाळी तुमची उंची रात्रीपेक्षा एक-दीड सेंटीमीटर जास्त भरते. खोटं वाटत असेल तर रूमच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून बघा, घरमालकाला दिसणार नाही अशी.

पायरी ३: जागा लावून घ्या

अभ्यासिकेची जागा म्हणजे काय ते माहितीये, प्लायवूडचा खोका, वर ट्यूब, समोर चिकटवलेला टाइमटेबल, प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर सुतळीनं बांधलेली आधीच्या भाडेकरूची उशी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं काढून हे करा.

आधी पाय. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, लोंबकळत असतील (मुलींना हा प्रॉब्लेम जास्त येतो कारण खुर्ची-टेबलं सगळी एकाच मापाची) तर खाली दोन विटा पेपरात गुंडाळून ठेवा नाहीतर जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. मग कोपर. लिहिताना खांदे कानाकडं चढत असतील तर टेबल उंच पडतंय, खुर्चीवर उशी वाढवा आणि पायाखाली पण तेवढंच वाढवा. कंबरेच्या मागे जिथं आत वळण आहे तिथं टॉवेलची गुंडाळी, पाण्याच्या लिटरच्या बाटलीएवढी नको, मनगटाएवढी पुरे.

आता पुस्तक, आणि इथं मी थोडी थांबणार आहे कारण खुर्चीपेक्षा पुस्तक जास्त त्रास देतं. पॉलिटीचं ते जाडजूड पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं की मान खाली जाणारच, तुम्ही कितीही ताठ बसा. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींच्या पुढ्यात उतरतं डेस्क असायचं ते उगाच नव्हतं. तसा उतार तयार करा. दोन जाड पुस्तकं मागे, त्यावर परीक्षेचं क्लिपबोर्ड तिरकं टेकवा, खाली घसरू नये म्हणून पुढं एक रबर किंवा जाड पेन आडवा. झालं, वाचायला स्टँड. वाचण्यासाठी उतार जास्त, लिहिण्यासाठी कमी. २०२५ च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झालीये, म्हणजे तीन-तीन तास हातानं लिहायचंय, तेव्हा आत्ताच लिहायची जागा नीट केलेली बरी, नाहीतर मान आणि अंगठा दोन्ही मेन्सच्या आधीच राजीनामा देतात.

मोबाइलवर लेक्चर बघत असाल तर तो पाण्याच्या बाटलीला टेकवून डोळ्यासमोर उभा करा. मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो वजन येतं असा मेसेज तुम्हाला आला असेलच, तो आकडा २०१४ च्या एका लेखातला आहे आणि तो कॉम्प्युटरवर मॉडेल मांडून काढलेला आहे, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही. मान वाकवायलाच बनलीये. तासभर तशीच लोंबत ठेवली की ती कुरकुरते, एवढंच. पाकीट मागच्या खिशातून काढून ठेवा. बाकी खुर्ची म्हणाल तर मालकाला विचारून हातवाली मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर तिच्यावर भांडण काढू नका.

पायरी ४: ताठ बसायचा नाद सोडा, उठायचा लावा

हे गाइड मी ज्याच्यासाठी लिहितेय ती पायरी हीच.

आपण लहानपणापासून एकच ऐकलंय, "पोक काढू नकोस, ताठ बस." आजी म्हणायची, बाई म्हणायच्या, आता रूम पार्टनरनं ऑनलाइन मागवलेला तो खांदे मागे ओढणारा बेल्ट म्हणतो. आणि मुलं खरंच प्रयत्न करतात, वीस मिनिटं छाती काढून बसतात, पाठीचे स्नायू पेटतात, मग सगळं सोडून आणखी वाईट पसरतात आणि वर स्वतःला शिव्या देतात. मी पण नवीन असताना पेशंटना तासभर "करेक्ट पोश्चर" शिकवायचे, चार्ट लावला होता भिंतीवर ९० अंशांचा. काढून टाकला.

कारण आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की बसल्यावर गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, जुन्या स्वीडिश प्रयोगांवरून. मग १९९९ मधे जर्मनीत ४५ वर्षांच्या एका माणसाच्या कमरेच्या गादीत सेन्सर बसवून दिवसभर दाब मोजला, तर निघालं की आरामात बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा थोडा कमीच, आणि खुर्चीत पसरून, रेलून बसल्यावर तर अजून कमी. एकच माणूस होता हे खरं, त्यावर धर्म काढू नये, पण "ताठ म्हणजे सुरक्षित, पोक म्हणजे सत्यानाश" हे गणित काही जमत नाही हे दिसलं. अमुक एक बैठक सगळ्यांसाठी बरोबर असं काही नाही. रेलून बसा, पुढं झुका, मांडी घाला, एक पाय वर घ्या, काय वाटेल ते करा, फक्त एकाच पोझमधे दगड होऊ नका.

मग करायचं काय? साधारण अर्ध्या तासानं एकदा बूड उचलायचं. गजर लावू नका, शेजारचा मारेल. माझी युक्ती पाण्याची आहे, मोठी दोन लिटरची बाटली आणायचीच नाही, अर्ध्या लिटरची आणायची. संपली की उठून कूलरपर्यंत जायचं. आणि पाणी प्यायलं की दुसरीकडं पण जावं लागतंच, तो दुसरा गजर. अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर आणि टॉयलेट खाली असेल तर तक्रार करू नका, देवानं दिलंय.

उठल्यावर तीस-चाळीस सेकंद पुरे. हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुका, दोन्ही खांदे गोल फिरवा, पायाच्या टाचा दहा वेळा उचला, भिंतीला हात टेकून छाती थोडी ताणा. लाज वाटते म्हणता? जिन्यात जा. पाठांतर, चालू घडामोडी, तारखा-कलमं हे सगळं उभ्यानं किंवा चालत होतं. एक मुलगी माझ्याकडं यायची ती रिव्हिजन गच्चीवर फेऱ्या मारतच करायची, कलमं बोटावर मोजत. आधी सगळे हसायचे, दिवाळीनंतर गच्चीवर चौघीजणी फिरत होत्या.

फोनवर घरी बोलताना बसायचं नाही, हा पण नियम करा. आईचा फोन म्हणजे पाऊण तास, म्हणजे पाऊण तास चालणं.

पायरी ५: पाठीला काम द्या

उठणं झालं, पण नुसतं उठून गोणी उचलणारी पाठ परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मधे जे सांगितलंय ते १८ च्या वरच्यांसाठी असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम (भरभर चालणं, सायकल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा दम) आणि आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. चालण्याचं पुण्यात सोपं आहे. पेठेतून पर्वती जवळ, १०३ पायऱ्या आहेत, सकाळी एकदा चढून-उतरून आलात की बराचसा कोटा तिथंच. पहिल्याच दिवशी पळत चढू नका.

ताकदीसाठी जिम नको, आपले जोर-बैठका पुरतात. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, रूमवर. पहिले दोन आठवडे एवढंच:

बैठका, पण खुर्चीपासून. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं, शेवटी धप्पकन पडायचं नाही. दहाचे दोन सेट. जमायला लागलं की खुर्ची बाजूला आणि पूर्ण खाली. गावाकडच्या मुलांना उकिडवं बसता येतं ही मोठी कमाई आहे, ती घालवू नका.

जोर आधी भिंतीवर, मग कॉटच्या कडेवर, मग जमिनीवर. कॉट भिंतीला टेकलीये ना बघा, माझ्या एका पेशंटची कॉट सरकली आणि कंबर सोडून दात दुखावला.

पूल. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, ढुंगण वर उचलायचं, पाच आकडे थांबायचं. दिवसभर ज्या स्नायूंवर तुम्ही बसता ते हेच, त्यांना आठवण करून द्यायची की ते अजून नोकरीवर आहेत.

चार पायांवर येऊन उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं लांब करायचा, मग उलट. पाठीवर चहाचा कप ठेवलाय असं समजा, सांडायचा नाही.

आणि पाचवं, ओढायचं काहीतरी, कारण वाचणारा माणूस दिवसभर पुढंच झुकलेला असतो. सॅकमधे पुस्तकं भरा, चार-पाच किलो, एक हात कॉटवर टेकवून दुसऱ्या हातानं सॅक कोपर मागे नेत वर ओढा, विहिरीतून पाणी शेंदतो तसं, पण एका हातानं. प्रत्येक बाजूनं दहा. जाड पुस्तकांचा हा एक उपयोग तरी नक्की आहे.

सूर्यनमस्कार घालणार असाल तर फारच छान, बारा स्थितींत पाठ पुढं-मागं दोन्हीकडं जाते, आणि साताऱ्याकडच्या औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात तर शाळेतल्या पोरांना ते रोज घालायला लावायचे. पण पहिल्या दिवशी २१ घालून दुसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊ नका. चारपासून सुरू करा, आठवड्याला दोन वाढवा.

दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंतची कुरकुर चालते, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती निवळली पाहिजे. निवळली नाही तर तो व्यायाम निम्म्यावर आणा, बंद करू नका. पायात सरसर खाली कळ जात असेल तर मात्र थांबून दाखवून घ्या.

पायरी ६: ग्राउंडवाल्यांसाठी वेगळं

पोलीस भरतीचं ग्राउंड ५० मार्कांचं, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मुलांचा गोळा ७.२६ किलोचा. इथं उलटा प्रॉब्लेम असतो. हे लोक दहा महिने बसतात आणि जाहिरात आली की पहाटे चारला उठून एकदम रोज सहा किलोमीटर, ते पण डांबरी रस्त्यावर, ते पण कॉलेजच्या वेळचे झिजलेले बूट घालून. तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते, तरी पळतात, "ग्राउंड आहे मॅडम", आणि मग हाडाला बारीक चीर जाते. नडगीच्या हाडावर एका बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी जीव जात असेल तर पळणं बंद, डॉक्टर.

हेच कमरेत पण होतं, फास्ट बोलिंग टाकणाऱ्या पोरांमधे खास करून. बुमराचं २०१९ मधलं पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर आठवतंय ना, आणि मग २०२३ मधे ऑपरेशन? मणक्याच्या मागच्या बारीक हाडावर परत परत पिळा आणि मागे वाकणं, त्यातून ते होतं. गोळाफेकीत पण पिळा आहे. मागे वाकल्यावर कमरेत एका बाजूला नेमकं दुखत असेल तर गोळा काही आठवडे खाली ठेवा.

म्हणून जाहिरातीची वाट बघू नका. पहिल्या महिन्यापासून आठवड्यात तीन दिवस, मातीच्या ग्राउंडवर, दोन मिनिटं हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं असं वीस मिनिटं. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, साधारण दहा टक्के म्हणतात, तो काही कायदा नाही पण दुप्पट नक्कीच करू नका. दोन पळण्याच्या मधला दिवस ताकदीचा. दम, स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) आणि हाड यांत दम सगळ्यात लवकर वाढतो आणि हाड सगळ्यात उशिरा तयार होतं, पोरं दमावर विश्वास ठेवतात आणि हाडात फसतात.

पायरी ७: कॉट, झोप, गोळ्या

"कडक फळीवर झोप" हा सल्ला तुम्हाला मिळणारच. स्पेनमधे जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांना कुणाला कडक आणि कुणाला मध्यम कडक गादी देऊन बघितलं होतं, २००३ मधे छापून आलं, मध्यमवाल्यांना जास्त बरं वाटलं. तुमच्या कॉटची काथ्याची गादी मधे झोळीसारखी झाली असेल तर ती उलटी करा, डोक्याची बाजू पायाकडं करा, तरी झोळ असेल तर खाली प्लायचा तुकडा आणि वर गोधडी. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमधे उशी, चादरीची घडी पण चालते.

झोप सात तास तरी. कमी झोपेत तीच कंबर जास्त दुखते, हे मी पेशंटच्या तोंडावर वाचते, टेस्ट सिरीजच्या आठवड्यात क्लिनिक भरतं. टेन्शन पण मोजा त्यात. रिझल्ट लागला आणि दोन मार्कांनी कटऑफ हुकला की मान धरते, ते नाटक नसतं, मेंदू दुखण्याचा आवाज मोठा करतो.

व्हिटॅमिन डीची साठ हजारची पाकिटं मित्रानं दिली म्हणून दर आठवड्याला अशीच घेऊ नका, तपासणी आणि डॉक्टर, मग काय ते. सकाळी चालायला गेलात तर ऊन मिळतं ते वेगळंच.

सलूनमधे दाढीनंतर "मान मोडू का" विचारलं की नाही म्हणायचं. झटक्यानं मान फिरवताना मानेतली रक्तवाहिनी फाटल्याच्या घटना आहेत, क्वचित, पण कडकन आवाजासाठी कोण रिस्क घेणार.

पायरी ८: उसण भरलीच तर

बादली उचलताना, शिंकताना, कधी नुसते मोजे घालताना कमरेत चमक निघते आणि माणूस तिथंच वाकडा होतो. मला स्वतःला भरलीये, गॅसचा सिलिंडर सरकवताना, आणि दुसऱ्यांना शांत राहा सांगणारी मी पहिली दहा मिनिटं फरशीवर पडून रडत होते. तर घाबरायला होतं, हे मान्य.

पहिला दिवस: पाठीवर झोपून पाय खुर्चीवर, पोटऱ्या सीटवर टेकलेल्या, दहा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी. मेडिकलवाल्याला गोळी विचारताना ॲसिडिटी, दमा, किडनी काही असेल तर आधी सांगा. दर तासाला उठून खोलीत चार फेऱ्या, वाकडं चालत असाल तरी. दोन-तीन दिवस पडून राहिलात तर बरं व्हायला उलट उशीर होतो, पूर्वी आठवडा-आठवडा झोपवून ठेवायचे, आता कुणी ठेवत नाही. बेल्ट लांबच्या एसटी प्रवासापुरता ठीक आहे, रोज बांधून बसू नका. चोळून घ्यायला हरकत नाही पण पाठीवर पाय देणाऱ्याकडं जाऊ नका. बहुतेकांचं दोन आठवड्यांत बरंच कमी होतं. नाही झालं, पायात मुंग्या आल्या, तर दाखवा.

घरी धाकटं भावंड असेल तर

हे तुमच्यासाठी नाही पण सुट्टीत घरी जाल तेव्हासाठी. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, २०२० च्या केंद्राच्या धोरणात हेच आहे, पहिली-दुसरीला जास्तीत जास्त २.२ किलो. ५ ते १७ वयाला रोज सरासरी तासभर खेळ लागतो, आणि त्यात उड्या हव्यात, लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, कारण हाड आपटण्यानं घट्ट होतं आणि ती भरती विशीपर्यंतच जोरात चालते.

आणि बहीण अकरा-बारा वर्षांची असेल तर एकदा तिला पाय जुळवून, हात लोंबते सोडून पुढं वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एका बाजूची बरगडी दुसरीपेक्षा उचललेली दिसली, किंवा आई म्हणत असेल की हिचा फ्रॉक एका बाजूनंच वर जातो, तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. याला स्कोलिओसिस म्हणतात, शंभरात दोन-तीन मुलांना असतो, मोठा बाक मुलींत जास्त. तो दप्तरानं होत नाही आणि वाकडं बसल्यानं पण होत नाही, त्यामुळे तिला ओरडू नका. वाढीच्या वयात सापडला तर बेल्ट लावून बाक वाढायचा थांबवता येतो, वाढ संपल्यावर बेल्टचा उपयोग नाही. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे, हे तिला सांगा.

परीक्षेच्या दिवशी

सेंटरवरचे बेंच तुमच्या हातात नाहीत, पहिलीच्या वर्गातला पण मिळू शकतो. म्हणून शेवटच्या महिन्यात टेस्ट सिरीज स्टँड आणि टॉवेलशिवाय, साध्या टेबलावर सोडवा, अंगाला सवय होते. हॉलमधे गेल्यावर आधी बेंच हलवून बघा, डगमगत असेल तर खिशातल्या कागदाची घडी पायाखाली, सुपरवायझरला विचारून. तोंडाला रुमाल बांधून आलात तर तो घडी करून कमरेमागं जातो. आणि दोन पेपरच्या मधल्या वेळात पायरीवर बसून गाइड चाळत बसण्यापेक्षा शाळेच्या ग्राउंडला दोन फेऱ्या मारा, डबा चालत चालत खाता येत नाही एवढं वगळून.